आबा, यादीत तुम्ही कुठे?

प्रिय आबा,

काल ग्रामपंचायतीत तुमच्यावरून भांडून आले. बाबांना सांगितलं तर म्हणतील, पदवी मिळाली आणि पोरीचं तोंड सुटलं! म्हणून तुम्हालाच लिहिते.

आपल्या कळंबला गावच्या फौजींच्या नावांचा फलक लागतोय. यादी तुम्हीच जाण्याआधी करून ठेवलेली. त्यात सगळे आहेत, तुम्ही नाही! आबा, असं कुणी करतं का?

नाव घाला म्हटलं, तर सरपंचकाका हसले. "आगं, तुजा आबा दिल्लीला हापिसात टायपिंग करीत व्हता. त्यानं कंदी बंदूक झाडली?"

"नाय झाडली, काका. पण ज्यांनी झाडली, त्यांच्यापर्यंत गोळ्या कशा पोचल्या?"

मग मी सुरूच झाले. बीएला जनरल स्टाफचा, म्हणजे सैन्याची आखणी करणाऱ्या शाखेचा, इतिहास वाचलेला ना! पूर्वी राजा टेकडीवरून अख्खी लढाई बघायचा. पुढे सैन्यं एका नजरेत मावेनात. मग प्रशियानं, म्हणजे जर्मनीतल्या जुन्या राज्यानं, मोठी हार खाल्ल्यावर शांततेतही नकाशे घेऊन बसणारे, पुढच्या लढाईचा विचार करणारे अधिकारी तयार केले. इतर देशांनीही तेच उचललं. तुकडी कुठल्या वाटेनं जाईल, कोणता पूल रणगाडा पेलेल, जेवण कधी पोचेल, सगळं तेच ठरवतात. आदेश मात्र सेनापतीच्या नावानं निघतो. तुम्ही त्याच शाखेतले हवालदार!

बोलता बोलता उमगलं, नाव गाळायची तुम्हाला सवयच लागली होती. आत्याच्या लग्नात अंगणात खडूनं नकाशा काढलात. शिळफाट्याहून येणारा टेंपो कुठे लावायचा, पंगत कुठे बसवायची, सगळं तुमचं. आणि लग्नाच्या एकाही फोटोत तुम्ही नाही! आम्हाला तुमच्याशेजारी उभं राहायचं नव्हतं का?

शेवटी यादीतले पहिले फौजी, धोंडूआजोबा, काठी आपटत उठले. "आमी सीमेवर व्हतो तवा मागं कुनीतरी डोकं लावीत व्हतं. चपात्या गार आल्या, पन येळेवर आल्या. लिवा रं त्याचं नाव!"

सगळे हसले. सरपंचकाकांनी पेन माझ्याच हातात दिलं. तुमच्या सरळ ओळींखाली माझी ओळ जरा वाकडी आली, चालवून घ्या.

वचन देते आबा, उद्या मी कुठल्याही कार्यालयात बसले, तरी पडद्यामागे राबणाऱ्याचं नाव गाळणार नाही. त्यानं स्वतः गाळलं, तरी मी लिहीन.

तुमची भांडखोर नात,
सुजाता