आधी उठला तो थोरला

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

सिद्धेशने दरवर्षीसारखी सर्व्हर रूममधली सगळी मशीन्स बंद केली, फडका मारला, हळदकुंकू वाहिलं, परत चालू केली. झेंडूच्या पाकळ्या पंख्यात जातील म्हणून मी ओरडले. पेढे झकास!

गेटवर वेसाव्याचे अनंताकाका. त्यांची बायको सगुणा कोळीगीतं गायची. गेल्या खंडेनवमीला एका स्टुडिओने तिची गाणी आमच्या बॅकअप कंपनीत टेपवर ठेवली, मूळ फाइली उडवल्या. पुढे स्टुडिओच बंद पडला. सगुणाबाई शिमग्याला वारल्या. "बाय, माजे सगुनाचा आवाज कवा देशील गो?" म्हटलं, काका, टेप कपाटात सुखरूप आहे. पुढच्या बुधवारी या.

३ ऑक्टोबर

वाट लागली!

क्लिनिकच्या डॉ. मृणालिनींना दिशाचा गेल्या वर्षीचा स्कॅन हवाय. सात वर्षांची पोर, डोळ्यामागे गाठ. वाढली असेल तर डोळा काढायचा, तेवढीच असेल तर ठेवायचा. ते जुन्या स्कॅनवरूनच कळणार, आणि तो फक्त आमच्याकडे. क्लिनिकची टेप एक नंबरच्या टेप-मशीनमध्ये घातली. दोन नंबरमध्ये रोजच्या बॅकअपसाठी कोरी टेप होती. बॅकअप कोऱ्या टेपवर गेलाच नाही – क्लिनिकच्या टेपवर गेला. सगळी पुसली!

४ ऑक्टोबर

कारण सापडलं. सर्व्हरला ही मशीन्स ओळखू येत नाहीत. चालू होताना जे आधी दिसेल ते एक, नंतरचं दोन. म्हणजे घरात जो आधी उठेल तो थोरला! पूजेनंतर दोन नंबर आधी उठलं. नावं उलटी, लिहिणं उलटं.

जूनमध्येच विद्याधर सरांना सांगितलं होतं, प्रत्येक मशीनच्या सीरियल नंबरला नाव कायमचं बांधू या. "चालतंय ना? मग हात लावू नकोस." आता म्हणतात, चुकीच्या रिपोर्टमध्ये सिद्धेशचं नाव लिही. नाही लिहिणार!

५ ऑक्टोबर

जेवण जात नाही. आईने विचारलं, ताप आहे का. हो म्हटलं.

६ ऑक्टोबर

टेप दुरुस्त करणाऱ्यांनी हात वर केले. वरून दुसरं लिहिलं की खालचं परत येत नाही म्हणे. दिशाच्या बाबांचा फोन – "ताई, मिळालं का?" शोधतेय म्हटलं. खोटं. बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या पोरीचा डोळा आमच्यामुळे जाणार. देवा, काहीतरी कर रे.

सिद्धेश नुसता बसून आहे. "श्वेता, मी फक्त पूजा केली गं."

७ ऑक्टोबर

सिद्धेश चहा पिताना म्हणाला, "गेल्या खंडेनवमीलाही मीच बंद-चालू केलं होतं." मी कप तसाच ठेवून पळाले. दिशाचा स्कॅन त्याच दिवशी टेपवर घेतला होता, आणि मशीन्समध्ये दोनच टेप होत्या, क्लिनिकची आणि स्टुडिओची. तेव्हाही नावं उलटली असतील तर?

कपाटातून स्टुडिओची टेप काढली. लावली. स्कॅन! दिशाचं नाव, तारीख, सगळं!

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. गाठ तेवढीच आहे. डोळा राहतोय. सिद्धेश आणि मी वेड्यासारखे हसलो, मग रडलो. सरांना न विचारता दोन्ही मशीन्सची नावं सीरियल नंबरला बांधून टाकली. आज चार घास जेवले.

८ ऑक्टोबर, बुधवार

अनंताकाका खाली आलेत. सोबत नवा पेनड्राइव्ह.

दिशाचा स्कॅन सगुणाबाईंच्या टेपवर निघाला. म्हणजे सगुणाबाई क्लिनिकच्या टेपवर होत्या – जी पुसली गेली, तिच्यावर.

वॉचमनचा दुसऱ्यांदा फोन आला. जाते खाली.