हंडा ढवळणारी बाई

ताईस धाकटीचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? माझं विचारशील तर अंग धड आहे, बाकी काही धड नाही. घरात सगळे मजेत (ह्यांची अर्धी मिशी गेली, आरशाशिवाय दाढी करायला गेले, ते पुढे सांगते).

रविवारी ह्यांनी पोरीला टीव्हीवर कार्टूनचा सिनेमा दाखवला. लहानपणी ह्यांनी त्याचं चित्रांचं पुस्तक वाचून वाचून फाडलेलं, त्यामुळे पोरीपेक्षा बापच जास्त उड्या मारत होता. एक गोरा पोरगा फुग्यात बसून बेटावर जातो. तिथली माणसं तव्याच्या बुडासारखी काळी, ओठ टोमॅटोएवढे, केसांत हाडं खोचलेली. त्यातली एक बाई मोठा हंडा ढवळत असते आणि त्या पोराला त्यात टाकायला निघते. मी म्हटलं, अहो, हे काय दाखवता लेकराला? तर म्हणे, जुनं आहे गं, तेव्हा असंच काढायचे, गंमत असते.

मंगळवारी बालवाडी बंद, म्हणून पोरीला कामावर नेलं. माझं काम तुला माहीत आहे, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दीडशे माणसांची भाजी ढवळायची. मी स्टुलावर उभी, हातात वल्ह्याएवढा कालथा, सगळीकडे वाफ. पोरीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अशी किंचाळली की मॅनेजर हातातला चहा सांडून धावत आला (बोट कापलं का म्हणून. बोट कापलं असतं तर बरं झालं असतं).

तेव्हापासून माझ्या हातचा घास खात नाही. चार दिवस झाले. कडेवर घेतलं की अंग चोरते. जाऊबाई त्यांच्या घरून येऊन भरवतात तेव्हा गपागप खाते (त्या गोऱ्या, त्यांचा काय दोष). काल सासूबाई म्हणाल्या, "राहू दे हिला थोरलीकडेच. तिला मूल नाही, हिला आई नको. दोघींचं भागेल." सगळे हसले. मीपण हसले. जाऊबाई तेवढ्या हसल्या नाहीत, त्यांनी पोरीचे कपडे कुठे असतात ते विचारलं. पुढच्या रविवारी तिला आपल्या घरी नेणार आहेत.

बाकी ठीक. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

तुझी धाकटी

ता.क. त्या रविवारच्या आत ये. राग मानू नकोस, पण तू माझ्याहून काळी. शेजारी उभी राहिलीस तर मी जरा उजळ दिसेन.

ता.क. मिशीचं राहिलंच. आरसा मीच काढून पेटीत तळाशी ठेवलाय. जाऊबाईंच्या कपाटाला मात्र पुरुषभर उंच आरसा आहे. पोरगी रंगाने माझ्यावरच गेलीय, ताई. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.