कोपरा दुमडलेली रजई

१२ जून, गुरुवार

पोहोचले एकदाची. बर्गनहून सकाळी निघाले, दोनदा फेरीबोट, मग घाटातली वळणं, आणि शेवटी स्कार. लाल रंगाचं, गवताच्या छपराचं, ऐसपैस लाकडी घर. मागे हिमनदी इतकी जवळ की स्वयंपाकघराच्या खिडकीत दुसरं काही दिसतच नाही. खाली दरीत लोक गवत कापायच्या तयारीत आणि इथे अंगणात अजून बर्फ. गाडीतून उतरले आणि एकटीच हसत सुटले.

क्लबच्या उन्हाळी स्की-शिबिराच्या राहण्याची सोय यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. नेहमीचं हॉटेल दुरुस्तीसाठी बंद, सगळ्यांनी हात टेकले, तेव्हा हे घर मी शोधून काढलं. आमचा चिटणीस शेतिल म्हणाला, सुन्निवा, तू म्हणजे ना, खडकातसुद्धा पलंग शोधशील. मी ते कौतुक समजले. मुलं पुढच्या शनिवारी बसने येतील. त्यात माझी ईसेलिन आहे. अकरा वर्षांची, आईला सोडून प्रथमच शिबिराला, पण आई तिथे आधीच हजर. बिचारी.

घराची देखरेख आस्लाक नावाचा म्हातारा करतो. राहतो खाली, दरीत. किल्ली देताना त्याने दोनदा बजावलं की पलंग आधीपासून अंथरायचे नाहीत. माणसं दारात आली की ज्याच्या त्याच्या हातात चादर द्यायची, पुढचं त्याचं तो बघेल. का, असं विचारलं तर म्हणाला, पोरी, इथली रीत आहे ती, आणि ट्रॅक्टर सुरू केला. डोंगरातल्या घरांत लोक आपली चादर बरोबर आणतात, हे मला का ठाऊक नाही? पण ही मुलं घाटात ओकून ओकून अर्धमेली होऊन येणार. त्यांना उघड्या गाद्या दाखवायच्या?

१३ जून

सगळे पलंग अंथरून झाले. पाठ मोडून आली, पण वरच्या मजल्यावरून एक चक्कर मारली आणि जीव निवला. पांढऱ्या चादरी, पांढऱ्या रजया, आणि प्रत्येक रजईचा एक कोपरा आत दुमडलेला. ईसेलिनच्या पलंगावर मी रोज असाच कोपरा दुमडते. म्हणजे, ये, शीर आत. तिच्यासाठी खिडकीजवळचा पलंग ठेवलाय.

माझ्यासाठी चादर उरली नाही. खालच्या खोलीत उघड्या गादीवर स्लीपिंग बॅग टाकली आहे. यजमानीणबाईंना चालतंय.

१५ जून

सकाळी दारात बुटांचा एक जोड दिसला. जुने, जाड चामड्याचे, ओलेकच्च. कुणीतरी वाट चुकून आलं असेल. इथे दाराला कुलूप लावत नाहीत, आणि डोंगरातून आलेल्याला परत पाठवायचं नाही, हे तर आम्हाला शाळेपासून शिकवतात. वर गेले. एका पलंगावर कुणीतरी झोपून गेलेलं, गादी ओली आणि गार. खाली पाव कापलेला, तपकिरी चीज अगदी सरळ, पातळ कापलेलं, सुरी धुऊन ठेवलेली.

पाहुणा सभ्य दिसतोय. फक्त बूट विसरून अनवाणी गेला, एवढंच.

१७ जून

बुटांची आता रांग लागली आहे. सगळे एकाच प्रकारचे, टाचा माझ्याकडे, नाकं भिंतीकडे, जसे शिस्तीची मुलं ठेवतात तसे. सुकवायच्या खोलीत लोकरी मोजे आणि स्वेटर टांगलेत. हात लावला तर लोकर बर्फासारखी कडक. डब्याचा मेणकागद संपत आला आहे. कोणीतरी रोज सकाळी पाव बांधून घेतं. मी जागी असते, आणि मला कोणी दिसत नाही.

मोबाइलला इथे रेंज नाही. भिंतीवरच्या फोनवरून आस्लाकला गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, अंथरलेस ना? मी म्हटलं, हो. तेव्हा त्याने सांगितलं.

त्याचे वडील इथे राखणदार असताना अशाच उन्हाळ्यात एक स्की-वर्ग आला. तरणी पोरं-पोरी. घरात लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं, पलंग एकही रिकामा नाही. वडिलांनी त्यांना वर, हिमनदीच्या काठाला तंबू ठोकायला पाठवलं. त्या रात्री तो काठ तुटला. कोणी सापडलं नाही. आता बर्फ वितळतोय, दरवर्षी काहीतरी वर येतं, कधी स्कीची काठी, कधी हातमोजा. ती पोरं अजून जागा शोधताहेत, आस्लाक म्हणाला. रिकामा अंथरलेला पलंग दिसला की त्यांना वाटतं, आपल्यासाठीच आहे. आणि तू तर कोपरासुद्धा दुमडलास, पोरी.

मी विचारलं, मग माझी मुलं आली की काय होईल? तो म्हणाला, जी उंबरा ओलांडून आत येतील आणि ज्यांना पलंग मिळणार नाही, ती वर, हिमनदीकडे जातील. घरच त्यांना वर नेतं. ती आत जितकी झोपतील, तुझी तितकी वर. वडिलांच्या हयातीत एकदा असं झालंय.

म्हातारा चळलाय, असं मी फोन ठेवून मोठ्याने म्हणाले. कोणाला ऐकू जावं म्हणून, कोण जाणे.

१८ जून

सगळ्या चादरी ओढून काढल्या. रजया गुंडाळून माळ्यावर टाकल्या. गाद्या उघड्या. हुश्श म्हणून कॉफी घेतली आणि वर गेले, तर पलंग पुन्हा अंथरलेले. कोपरे दुमडलेले. माझ्याइतके नीट नाहीत, पण शिकताहेत.

सामान गाडीत टाकलं आणि निघाले. दाट धुकं. घाट उतरत गेले, वळणामागून वळण, नीट उताराला, कानांना दडे बसले नि सुटले, आणि शेवटच्या वळणावर समोर लाल घर. स्कार. मी त्याच्या मागच्या बाजूने, हिमनदीकडून आले होते. पुन्हा निघाले. पुन्हा तेच. पेट्रोलचा काटा खाली आला तेव्हा थांबले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

१९ जून

शेतिलला फोन केला. म्हटलं, शिबिर रद्द कर. कारण सांगितलं. चूकच केली, खोटं सांगायला हवं होतं, गटार तुंबलंय म्हणून. तो हसला नाही, त्याने समजूत घातली. सुन्निवा, तू दमलीयेस, एवढं मोठं घर एकटीने लावलंस, शनिवारी येतोय ना आम्ही. दुसरी जागा कुठे मिळणार आता? ईसेलिनने तुझ्यासाठी चॉकलेट घेतलंय.

परत लावला. लागत नाही.

आस्लाकला लागला. मी म्हटलं, मुलांना आत येऊ देणार नाही. तो म्हणाला, शाब्बास, खाली धाड, माझ्या खळ्यात गवत पसरून ठेवतो, त्यावर झोपतील. विचारलं, आणि मी? तो खोकला. मग म्हणाला, पाहुणे घरात असताना यजमानीण जात नसते, पोरी. आणि मग—फोन मुका. अजून मुकाच आहे.

२० जून

वर बोलतात. हळू, दुसऱ्याची झोप मोडू नये असं. एक मुलगी हसते. वाईट नाहीत ती. मला त्यांची कीव येते आणि त्यांची भीतीही वाटते, दोन्ही एकदम.

सगळे पलंग ओले. खिडकीजवळचा एकच कोरडा होता. संध्याकाळी हात लावून पाहिला—

तोही.

दाराला कुलूप नाही. कपाट ढकलत आणलं. नंतर बाकं.

२१ जून, शनिवार

धुकं. बस आली. हॉर्न.

खिडकीच्या फटीतून ओरडले, जागा नाही, उतरू नका, खाली आस्लाककडे जा. शेतिल उतरला. दार ढकललं, शिव्या घातल्या. म्हणाला, डोकं फिरलंय का तुझं, मुलं आहेत गाडीत. मी म्हटलं, म्हणूनच.

मग ती आली. पिवळी टोपी. चॉकलेट हातात.

आई, उघड ना, मला शूला लागलीय.

जागा नाही, ईसेलिन.

माझ्यासाठी पण नाही?

तुझ्यासाठी पण नाही, म्हटलं. ओरडून म्हटलं. तिचं तोंड— मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले, हाताने दार उघडू नये म्हणून दोन्ही हात पाठीमागे धरले.

तिने चॉकलेट उंबऱ्याबाहेर ठेवलं.

बस गेली. लाल दिवे वळणावरून खाली गेले, पुढच्या वळणावरून आणखी खाली. खालीच गेली. मी पाहिलं. खाली.

नंतर

घर गप्प आहे. बुटांच्या रांगेत जागा केली आहे. माझे बूट त्यात ठेवलेत. नाकं भिंतीकडे.

माझ्या खोलीचं दार उघडं आहे. स्लीपिंग बॅग घडी करून खुर्चीवर. गादीवर चादर, पांढरी. रजई. कोपरा दुमडलाय, नीट, आता अगदी माझ्यासारखा.

झोपणार नाही. खुर्चीत बसेन. ती मोठी होईल, तिला राग येईल, येऊ दे, ती खाली आहे, गवतावर, कोरडी—

दारात उभे आहेत सगळे. काही करत नाहीत. पाहुणी आडवी होईपर्यंत थांबतात तसे—

पाय गारठले. फक्त पाय रजईत घेते, फक्त—

ईसेलिन, मी दार उघडलं नाही, कारण