बारा हजार पाच यार्ड

मांजरी बुद्रुक,
रविवार, २० फेब्रुवारी २००५

ती. दादास,

नमस्कार. आई बरी आहे. गुडघे थंडीपुरतेच दुखले, आता रोज सकाळी कालव्यापर्यंत चालून येते. अपेक्षावहिनी आणि राधा मजेत असतील. राधाचा शाळेतला फोटो पोचला. आईने तो टीव्हीवर ठेवलाय, त्यामुळे बातम्या बघताना आम्हाला राधाकडेच बघावं लागतं.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर आपलं बोलणं "आईला दे" एवढंच होतं, म्हणून कागद घेतला.

माझं चांगलं चाललंय. हडपसरच्या कंपनीत मला सहा जणांची टीम दिलीय, आणि शिफ्ट दिवसाची आहे. आपल्या शेजारच्या उसात आता सात मजली इमारत उभी राहतेय. आई म्हणते, "चिमण्या गेल्या, पर गडी लई आल्यात." स्कूटी घेतली मी. पहिल्या आठवड्यात दोनदा पडले, आता पडत नाही.

कामाचं सांगते. अमेरिकेतल्या एका क्रीडासंस्थेच्या जुन्या सामन्यांचे कागद आम्ही संगणकावर चढवतो. तिकडचा फुटबॉल पायाने खेळत नाहीत. एक गडी चेंडू पोटाशी धरतो आणि समोरच्या अकरा जणांत घुसतो. ते त्याला पाडतात. पडेपर्यंत तो जितका पुढे गेला तितके यार्ड त्याच्या नावावर. आपली चढाईच म्हण, फक्त यांना परत मध्यरेषेकडे यायचं नसतं.

माझ्या वाट्याला लेरॉय हॅम्लिन नावाचा खेळाडू आला. तेरा हंगाम, एकशे सत्तावन्न सामने. आडवा, बुटका माणूस, तुझ्यापेक्षा चार बोटं कमीच असेल. सलग अकरा सामन्यांत त्याने शंभराच्या वर यार्ड काढले, तो त्या लीगचा विक्रम आहे. एका हंगामात बावीस वेळा शेवटची रेषा ओलांडली, तोही विक्रम. एकदा बोटं मोडलेली असताना दुसऱ्या हातात चेंडू धरून पळाला, त्या दिवशी एकशे ऐंशी. आणि सगळ्या कारकिर्दीची बेरीज अकरा हजार नऊशे शहाण्णव. त्या लीगमध्ये बारा हजार कुणीच गाठले नव्हते, आणि हा चार यार्डांनी राहिला. निवृत्त झाल्यावर गावात लोक त्याला "चार कमी" म्हणायचे, असं एका जुन्या बातमीत वाचलं.

तीन महिने मी त्या माणसाबरोबर होते. नोव्हेंबरात एका सामन्याचा कागद हाती आला. बर्फात, चिखलात खेळलेला सामना. कागदावर नऊ यार्डांची एक धाव बत्तीस नंबरच्या डेनिसच्या नावावर होती, पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तीच धाव बावीस नंबरची, म्हणजे हॅम्लिनची, असं छापलेलं. मी चित्रफीत मागवली. बनियनवरचा आकडा चिखलाने भरला होता, पण पळणं ओळखू आलं. पडताना तो नेहमी डावा खांदा खाली घालायचा.

आमचा वरिष्ठ शुभंकर सदाशिव पेठेतला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रुपालीताई, आपल्याला टायपिंगचं काम मिळालंय. न्यायदानाचं मिळालं की कळवतो."

मी तरी लिहून पाठवलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. त्यांनी तिघांकडून तपासून घेतलं होतं. बेरीज बदलली, बारा हजार पाच. शुभंकरने सगळ्या मजल्याला पेढे वाटले. मला देताना म्हणाला, "घ्या, न्यायाधीशबाई."

मग एका संध्याकाळी हॅम्लिनसाहेबांचाच फोन आला. आता सदुसष्ट वर्षांचे आहेत, आवाज घोगरा. मला वाटलं, आभार मानतील. मानलेही. पण पहिला प्रश्न विचारला तो असा, की ते नऊ यार्ड ज्याचे काढले, त्या डेनिसला कुणी आधी विचारलं का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग मीच त्याच्याकडे जाऊन येतो. त्याने हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको."

फोन ठेवला तेव्हा मला डेनिस नाही, तू आठवलास.

दादा, आता इतका वेळ ज्याला वळसा घालत होते, ते लिहिते.

चौऱ्याण्णवची कबड्डीची निवड स्पर्धा. गोपाळकृष्ण सरांनी माझं अक्षर चांगलं म्हणून मला गुणलेखक केलं होतं. आपल्या मंडळातून चढाईचा एकच गडी जिल्ह्याला जाणार होता, ज्याचे गुण जास्त तो. वैजनाथचे अठ्ठेचाळीस झाले, तुझे सेहेचाळीस. तू म्हणालास, उरुळीविरुद्धची तीन गुणांची चढाई माझी होती, ती वैजनाथच्या नावावर गेलीय. सकाळचा सामना, बघायला दहा माणसं नव्हती. दिवसभर सामने घेऊन दमलेल्या पंचांना आठवेना. सरांनी मला विचारलं, आणि मी चारचौघांत म्हणाले, "मी जे बघितलं ते लिहिलं." तू मला खोटारडी म्हणालास. अण्णांनी तुझ्या कानाखाली मारली. "माझी पोरगी खोटं लिहिणार नाय," म्हणाले.

मैदानावर मी खोटं बोलले नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. घरी आल्यावर कच्चा कागद काढून बघितला. त्यावर ९ होता. तुझा नंबर. पक्की प्रत करताना माझ्या हातून १ झाला होता, म्हणजे वैजनाथचा.

यादी दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याला जाणार होती. सायकलवरून सरांच्या घरी जायला दहा मिनिटं लागली असती. मी गेले नाही.

का, तेही सांगते. त्याच आठवड्यात तू अण्णांना म्हणाला होतास, "बारावी झाली, बास झालं. दोन बस बदलून मंडईजवळच्या कॉलेजात जाऊन ही काय शिकणार?" आणि अण्णांनी मान हलवली होती. मी स्वयंपाकघरात होते. तो कागद हातात धरून मी म्हटलं, राहू दे. यालाही कळू दे घरी बसणं काय असतं.

तू घरी बसलाच नाहीस. आठ दिवसांत जालन्याच्या कारखान्यात गेलास. घरात एकच लेकरू उरलं म्हणून अण्णांनी मला कॉलेजात घातलं. ही नोकरी, स्कूटी, सहा जणांची टीम, सगळं तू गेलास म्हणून मिळालं. आणि मी सुखात आहे, दादा. हेच सांगायला सगळ्यात जड जातंय.

अण्णा जाईपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवून होते.

गेल्या रविवारी मी मंडईमागे वैजनाथच्या घरी जाऊन आले. त्याने जिल्हा खेळला, मग राज्य, त्यावर बँकेत नोकरी लागली. मी कागद पुढे केला. त्याने बघितलाही नाही. म्हणाला, "रूपे, त्या चढाईला मी बाद व्हऊन भाईर बसलो व्हतो. मला म्हाईत नसंल व्हय? तू बोलली न्हाईस आन् मी बी न्हाई." त्याची बायको चहा घेऊन आली तेव्हा तो डोळे पुसत होता. काय लिहून द्यायचं ते देतो, म्हणाला.

आईलाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला सांगून काय उपेग? ज्याचं हाय त्याला सांग."

म्हणून हे पत्र. कच्चा कागद सोबत पाठवते आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. माफी मागते आहे, पण ती दे असा तगादा लावणार नाही.

तुझी
रुपाली

*

मांजरी बुद्रुक,
रविवार, १७ एप्रिल २००५

प्रिय दादा,

गाडीत जागा मिळाली का? राधाची टोपी इथेच राहिली. आई तिचा वास घेते आणि मी बघितलं की घडी घालायचं सोंग करते.

पत्रानंतर सहा आठवडे तुझं काही आलं नाही, तेव्हा मी समजून चुकले होते. मग गुढीपाडव्याला दार उघडते तर पायरीवर तू, वहिनी आणि राधा. मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले. पाया पडायला वाकले, तर तू म्हणालास, "माफी-बिफी मला जमत नाही, रूपे. भूक लागलीय, वाढ."

तू चार पुरणपोळ्या खाल्ल्यास. मी मोजत नव्हते, आई मोजत होती.

जेवण झाल्यावर तू जे बोललास ते अजून माझ्या मनात आहे. म्हणालास, "कागदाचं मला अकरा वर्षं माहीतच होतं. ती चढाई मीच केली होती की! पण तुझ्या कॉलेजबद्दल मी असं बोललो, हे मला आठवतसुद्धा नाही. पत्रात वाचलं तेव्हा कळलं. सहा आठवडे मी त्याच्यावर अडलो होतो." मग राधाकडे बघत राहिलास. ती आईच्या मांडीवर बसून टीव्हीवरच्या स्वतःच्या फोटोला वेडावून दाखवत होती.

त्या दिवशी मी नुसती ताटं उचलत राहिले. आज बोलते. मी ते वाक्य अकरा वर्षं जपून ठेवलं, कारण त्याच्या आड मला लपता येत होतं. आता ते मला नको. तूही बाळगू नकोस.

काल वैजनाथ आणि मी गोपाळकृष्ण सरांकडे गेलो. चौऱ्याण्णवची वही त्यांच्या कपाटात होती. चष्मा लावून त्यांनी दोघांची पत्रं वाचली, मग लाल शाईने तीन गुण खोडून तुझ्या नावासमोर लिहिले आणि खाली सही केली. वैजनाथ पंचेचाळीस, दिग्विजय एकोणपन्नास. सर म्हणाले, "आता याने संघ मिळायचा नाही त्याला." मी म्हटलं, "नाही मिळायचा, सर." ते म्हणाले, "पण खरं तर झालं." त्यांनी मलाही खाली सही करायला लावली.

संध्याकाळी अण्णांच्या फोटोसमोर बसून मी सगळं मोठ्याने सांगितलं. आई शेजारी शेंगा सोलत होती. मधे एका ठिकाणी तिने माझी चूक काढली: तू गेलास तो दिवस मंगळवार होता, मी बुधवार म्हणाले. बाकी सगळं तिने ऐकून घेतलं.

मे महिन्यात राधाला सुट्टी लागेल. तिला महिनाभर इकडे पाठव. स्कूटीवरून फिरवीन, आणि तिला जे शिकावंसं वाटेल तिथे नेऊन सोडीन, दोन बस बदलाव्या लागल्या तरी.

उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. तू रागावलेला असतानाही माझा दादाच होतास, हे मला लिहायला अकरा वर्षं लागली.

तुझी धाकटी,
रूपी