सांगितल्यापेक्षा चार टाके जास्त

मंगळवार, ४ मार्च

आज तीन पतंग आले. एकाला वीतभर चीर, दुसऱ्याची काठाची शिवण उसवलेली, तिसऱ्याला काय झालंय ते त्याचं त्यालाच ठाऊक! जावईबापू त्यांना 'काईट' म्हणतात. म्हणोत बापडे. चंद्रकोरीसारखं वाऱ्यावर तरंगतं, दोरांनी बांधलेलं असतं आणि फळीवर उभ्या माणसाला पाण्यावरून ओढत नेतं – मी त्याला पतंगच म्हणणार. त्यांची किनाऱ्यावर शिकवायची शाळा, मागच्या पत्र्याच्या खोलीत माझं लांब टेबल. चाळीस वर्षं नावांची शिडं शिवली, आता हे.

सोबत एक दांडाही आला – पतंगाचे सगळे दोर ज्याला येऊन मिळतात आणि जो धरून पतंग वळवतात, तो. दांडे माझ्याकडे कधी येत नाहीत. जावई म्हणाले, "बाबा, टोकाची पट्टी फाटलीय, तेवढी शिवून द्या." तेवढी शिवली. मग बघतो तर मध्ये, कमरपट्ट्यात अडकवायच्या कडीपाशी एक लाल मूठ – लटपट लटपट! जरा ढकलली की पुढे सरकतेय. म्हटलं, गडबडीत नजरेतून सुटलं यांच्या. मेणाच्या दोऱ्याने टाके घालून घट्ट बसवून टाकली. खाली दुहेरी गाठ. सांगितल्यापेक्षा चार टाके जास्त – ही आमची रीत. बोलून दाखवायचं नाही.

टोच्याने बोट जरा सोलवटलं. चौथीतल्या बाई आठवल्या. डावा हात पाठीशी धरून ठेवायच्या माझा, आणि उजव्याने कविता उतरवून घ्यायच्या. म्हणून ही रोजनिशी उजव्या हाताची आणि शिवण डाव्या हाताची. एका देहात राहतात, पण दोघांची भेट नाही!

गुरुवार, ६ मार्च

नात पुढच्या महिन्यात शिक्षकांच्या परीक्षेला बसणार. एकोणीस वर्षांची पोर, शिट्टी गळ्यात घालून आरशासमोर उभी! नवशिक्यांसाठी मी रचलेली चार ओळींची कविता शाळेच्या दारावर फळ्यावर लिहिलेली आहे. आज ती चालीवर म्हणून दाखवली तिने –

आधी सोड, श्वास घे पुरा,
दोर गुंडाळ, थांब जरा;
पतंग गाठ, उताणा कर,
टोक धरून किनारा धर.

मी कधी त्या पाण्यात उतरलो नाही. जावयाने तोंडी सांगितलं, मी यमक जुळवलं. पण म्हणे पोरं घाबरली की हेच आठवतं त्यांना. बाई म्हणायच्या, पाठ झालेलं बुडत नाही. वर्गात सगळ्यात आधी पाठ माझंच व्हायचं.

रविवार, ९ मार्च

नात दुपारी उशिरा आली. दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या. "काच लागली, आजोबा." दोन्ही हातांना? लेक माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. जावई ओट्यावर बसून राहिला, पाठ दाराकडे. मी "वारा कसा होता?" विचारलं. जावई उठून किनाऱ्याकडे चालू लागला.

सोमवार, १० मार्च

माझ्या खोलीला कुलूप! चावी लेकीकडे. "आत रंग द्यायचाय, बाबा." रंग? त्या पत्र्याला?

सुया, टोचा, तळव्याची चामड्याची पट्टी – सगळं आत.

बुधवार, १२ मार्च

आज बाजारात धक्क्यावरचा जीवरक्षक भेटला. लांबूनच हाक – "आजोबा! नात वाघीण आहे हो तुमची!" मी म्हटलं, काय झालं? तो चपापला. "म्हणजे… घरी सांगितलं नाही तुम्हाला?"

रविवारी दीड तास पाण्यात होती पोर. वाऱ्याने एकाएकी दिशा बदलली, पतंग पडला, ती किनाऱ्याच्या कडेकडेने पण खोल पाण्याकडे वाहत चाललेली. शेवटी दीपगृहाच्या धक्क्याला लागली. यानेच हात देऊन वर घेतली. "बोटांतून रक्त, ओठ निळे, आणि तोंडाने काय चाललंय – तर कविता! दोर गुंडाळ, थांब जरा… मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला." दांडा त्याने तिथेच जमा करून किनारा खात्याला दिला. का, ते सांगेना. "चौकशी आहे, आजोबा. मी काही बोलायला नको."

हातातली पिशवी तिथेच पडली. माझी नात मरता मरता वाचली आणि मला काचेची गोष्ट! तीन दिवस! याच घरात मी जेवतोय, याच घरात झोपतोय. मी कोण – भिंतीवरचं घड्याळ?

गुरुवार, १३ मार्च

नातीला बसवलं समोर. "खरं सांग." रडली नाही. बाईंची शिस्त असल्यासारखी सरळ बसली.

पतंग पडला तो पडून राहिला नाही – गरगर फिरायला लागला. प्रत्येक फेऱ्याला हिसडा, तोंडात पाणी. "मग सोडून द्यायचं होतं, पण नाही जमलं." का नाही जमलं? खिडकीबाहेर बघत – "नाही जमलं." मग तिने एकच दोर पकडला आणि हातावर हात टाकत ओढत गेली, ओढत गेली. एक टोक ओढलं गेलं की पतंगात वारा भरत नाही, तो मरून पडतो. पण ताणलेला दोर सुरीसारखा! तिथे बोटं कापली. "चुकून विळखा बसला असता तर बोटच गेलं असतं. म्हणून मुठी उघडत, मिटत, मोजत ओढला." नंतर दोर दांड्याला गुंडाळून अडकवला, पोहत पतंगाशी गेली, त्याला उताणा केला, वर आडवी झाली, लांबचं टोक हाताने आपल्याकडे वाकवलं – झालं शीड! ते शीड तिला तिरकं तिरकं धक्क्यापर्यंत घेऊन आलं.

शीड! चाळीस वर्षांत माझ्या हातचं शीड इतकं चांगलं कोणी वापरलं नसेल.

"मग लपवलंत कशाला माझ्यापासून?"

"पप्पा म्हणाले."

बरं. पप्पा म्हणाले.

रविवार, १६ मार्च

आज गाडी आली आणि पाच फाटके पतंग घेऊन गेली. बाहेर कुणी शिवणारा आहे म्हणे, यंत्रावर शिवतो. शाळेच्या दारावरचा माझा फळा उतरवलाय. भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

आणि दाराआडून ऐकलं. लेक म्हणत होती, "किती दिवस लपवणार तुम्ही?" जावई – "हात थकलेत आता त्यांचे. राहू दे." मी पाय न वाजवता परत फिरलो.

आता लक्षात आलं! माझं ठिगळ उसवलं, म्हणून पतंग पडला – असं ठरवलंय यांनी. माझ्या नावावर खपवलंय आणि वर दया! "सासरेबुवा, तुमचं ठिगळ मूळ कापडापेक्षा जास्त टिकतं," असं चारचौघांत म्हणणारा हाच माणूस. त्याला बोट धरून किनाऱ्यावर आणला मी, पहिल्या पतंगाला पहिला टाका घातला मी. आता केसाने गळा कापतोय.

जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

मंगळवार, १८ मार्च

सापडलं! वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली किनारा खात्याचं पत्र. शुक्रवारी सकाळी दहाला सुनावणी. जावयाचं शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि शाळेचा परवाना, दोन्ही जायची पाळी. मागे त्याचा स्वतःच्या हातचा जबाब – "दांड्यावरील सुटकेची यंत्रणा वारंवार आपोआप उघडत असल्याने मीच ती बांधून ठेवली होती."

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं.

म्हणजे ठिगळ नव्हतंच! याने स्वतः बांधली. पोटच्या पोरीची सुटका बांधून ठेवली, आणि कुलूप माझ्या खोलीला! फळा माझा उतरवला! नातीला खोटं बोलायला लावलं, लेकीला मूग गिळून बसायला लावलं – सगळं स्वतःचं झाकायला! आणि मी वेडा, आठवडाभर मनातल्या मनात माझ्याच शिवणी उसवून बघत होतो.

उद्या खात्यात जाणार. नात्यागोत्याचं बघायचं नाही. हा माणूस पूर्वीपासून निष्काळजी आहे, असं लिहून देणार.

बुधवार, १९ मार्च

 खात्यात जाऊन आलो.

निरीक्षक तरुण, सभ्य. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणत गेलो, त्यांनी उतरवून घेतलं. दोन पानं भरली. खाली सही केली – झोकदार, बाईंनी शिकवलेली. ते म्हणाले, "आजोबा, तुम्ही शिवणकाम जाणता, एक सांगाल?" कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत तो दांडा.

"ही लाल मूठ. माणूस संकटात सापडला की ही पुढे ढकलायची. पतंग कमरेपासून सुटतो, एकाच दोरावर लोंबतो, सगळा जोर जातो. पहिली पायरी हीच. तुमची मुलं कविता म्हणतात ना – आधी सोड? ते हे. ही सैलच असावी लागते. आणि यांनी बघा काय केलंय."

तपकिरी मेणाचा दोरा. चार टाके. डावीकडे झुकलेले. खाली दुहेरी गाठ.

"कोणी शिवलंय ते कळतं का यावरून?"

मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावर होता.

घरी येऊन ४ मार्चचं पान काढलं. माझंच अक्षर. 'लटपट लटपट'. 'बोलून दाखवायचं नाही'. सगळं लिहिलंय की! हा सगळा आठवडा लोकांच्या नावाने खडे फोडताना एकदा मागचं पान उलटलं असतं तर!

उजव्या हाताने सही केली, डाव्या हाताने टाके घातलेले. झाली बाई, दोघांची भेट.

त्याच दिवशी, संध्याकाळी

नातीला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पाण्यातच." बोटांची पट्टी चाळवत होती. "मूठ ढकलली, हलेना. बघितलं तर… तुमचा टाका मी ओळखणार नाही का, आजोबा? माझ्या बाहुलीच्या फ्रॉकला तोच आहे."

त्या गरगरत्या पाण्यात, तोंडात खारं पाणी, मरण समोर – आणि तिला माझा टाका दिसला. आणि पुढे तोंडात कविताही माझीच. पहिली ओळ मी शिवून टाकलेली. तिने दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली.

 तीच म्हणाली, "रागावले नव्हते मी. फक्त जरा वेळ… एकटं वाटलं."

गुरुवार, २० मार्च

सकाळी जावई किनाऱ्यावर एकटाच रिकामे दोर धूत होता. जाऊन उभा राहिलो. त्याला माझ्या तोंडावरूनच कळलं.

"खोटं का लिहून दिलंत?"

"खोटं कुठे? रोज पाण्यात जायच्या आधी लाल मूठ ढकलून बघायची, हा नियम माझाच. पोरांना त्यावरून ओरडतो मी. त्या दिवशी घाईत नाही बघितली. म्हणजे बांधली मीच की."

"मला सांगायचं होतं."

"सांगून काय केलं असतंत?"

"सुई खाली ठेवली असती. कायमची."

"म्हणून नाही सांगितलं." बादली उपडी केली त्याने. "फळ्यावरचं 'आधी सोड' वाचवेना, म्हणून तो उतरवला. कुलूप मात्र लावावं लागलं, बाबा. दुसऱ्या कुणाच्या मुलीचा दांडा आला असता तर?"

बरोबरच आहे. तरीही सांगतो, मला राग आला! मला न विचारता माझा न्याय केला, मला न विचारता माफ केलं, आणि मी मात्र घरभर चोर शोधत फिरलो. लहान पोराला अंधाराची भीती वाटू नये म्हणून त्याचे डोळे झाकावेत, तसं वागवलं मला. मग म्हणालो, "काल तुमच्याविरुद्ध सही करून आलोय. दोन पानं."

बराच वेळ दोर पिळत राहिला. शिट्टी छातीवर लोंबत होती.

"चला," म्हणाला, "माझं काम सोपं केलंत."

हसण्याचा प्रयत्न केला त्याने. तो प्रयत्न बघवला नाही.

शुक्रवार, २१ मार्च

दहाला पाच कमी. सुनावणीच्या खोलीबाहेर बाकावर. जावई आत आहे, मी इथे आलोय हे त्याला ठाऊक नाही. सकाळी नातीने न बोलता खोलीची चावी आणून दिली. खिशात सुई, मेणाचा दोरा. ही वही घेऊनच आत जाणार, ४ मार्चचं पान दुमडून ठेवलंय. नुसत्या पानावर विश्वास बसला नाही, तर त्यांच्यासमोर टेबलावर चार टाके घालून दाखवीन.

हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.