पेज भरवताना

साकाता, ६ नोव्हेंबर

चि. कान्जीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

मुळ्याचं लोणचं वेगळं पाठवलंय. यंदा मीठ कमी पडलंय, नावं ठेवू नकोस.

आता लिहिते ते कुणाला बोललेले नाही. ह्यांना पक्षाघात होऊन दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पेजसुद्धा मी भरवते. मंगळवारी त्यांनी तिसऱ्यांदा पेज थुंकली आणि मी त्यांच्या चांगल्या हातावर पळी मारली. जोरात. त्यांनी हात हळूच पांघरुणात ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी वळ पाहून, कुठे आपटलं का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

पुन्हा होईल अशी भीती वाटते. तू देवळात डोळे मिटून बसतोस त्याचा काही उपयोग असेल तर कळव.

तुझी,
चिझुकोताई

मात्सुमोतो, ११ नोव्हेंबर

ती. ताईस, कान्जीचा सा. नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. उपदेश करत नाही, तो अधिकार मला नाही. सुमिएच्या शेवटच्या आजारपणात एकदा ती औषध घेईना, म्हणून मी, तिच्या नवऱ्याने, तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं होतं. ती गेल्यावर देवळात जाऊ लागलो तो त्यामुळे, पुण्यासाठी नव्हे.

तिथल्या भिक्षुणीबाई एकच सांगतात. राग आधी अंगात येतो, कुठे येतो ते बघायचं. माझा जबड्यात येतो. तुझा कळला की वाटी खाली ठेव, तीन श्वास सावकाश घे, मग उचल.

एवढ्याने भागणार नाही. तुला झोप हवी. एक तारखेला येतो, चार दिवस मोरियोदाजींचं सगळं मी करीन. नको म्हणू नकोस, तिकीट काढलंय.

कान्जी

साकाता, १४ डिसेंबर

चि. कान्जीस आशीर्वाद.

तू होतास ते चार दिवस मी नुसती झोपले. तू श्वास मोजताना तोंड असं करतोस की हे डाव्या गालात हसत होते. तुझ्या लक्षात आलं नसेल.

माझा राग मानेत येतो. दर वेळी वेळेवर कळतोच असं नाही. काल कळला. वाटी ठेवून ओसरीवर जाऊन आले, तोवर पेज निवली होती. तशीच खाल्ली त्यांनी. नर्सबाईंना मी खरं सांगितलं. आता त्या आठवड्यातून दोनदा दुपारी येऊन बसतात. ह्यांचीही माफी मागितली. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. काय समजायचं ते मला कळलं नाही.

तू इथे असताना एक सांगायचं होतं, धीर झाला नाही. खांद्याचं मला ठाऊक होतं. सुमिएनेच सांगितलं होतं, त्याच आठवड्यात. म्हणाली, त्या दिवशी तो अंधार पडेपर्यंत अंगणात उभा होता, जेवलाही नाही, माझ्यामागे त्याच्याकडे लक्ष ठेवा. मनात काही धरलं नव्हतं तिने. मी सहा वर्षं गप्प राहिले, ते चुकलं. पण ते ठाऊक होतं, म्हणून हात उगारल्यावर पत्र कुणाला लिहायचं, हा प्रश्न मला पडला नाही.

थंडी वाढली आहे, गळ्याभोवती काही गुंडाळत जा. आहे ती माया अशीच राहू दे.

ताई