बिनवासाचा नैवेद्य

२० ऑगस्ट

लिहा — गोडलिंबाचा वास येत नाही. कुंडीतलं पान चुरगाळलं, नाकात कोंबलं — काही नाही! ताप उतरून आठ दिवस झाले. गेला तर गेला, जाताना नाक घेऊन गेला. चोर!

हे लिहून राहिले. चाळीस वर्षं प्लांटच्या ऑफिसात साहेबांचं ऐकून लिहिलं, आता बायकोचं लिहा. मले अक्षर येत नाही, तोंड तर येते! फक्त रेणूले, सुनेले, सांगायचं नाही. देवाची शपथ घातली आहे.

२२ ऑगस्ट

महालक्ष्म्यांचा मसाला भाजला. दगडफूल, कलमी, धने. धने कधी खमंग झाले ते नाक सांगते, डोळे काय सांगतात! काळे पडले. रेणू म्हणे, "आई, रंग जरा गडद आला." म्हटलं, "गॅसच माजला आहे."

२३ ऑगस्ट

डॉक्टर म्हणे, "येईल आजी. नाही पण येणार." एवढं तर मी घरी बसून सांगितलं असतं.

२५ ऑगस्ट

एक तारखेले महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, कढी, पुरण, आंबील. नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेवर थेंब ठेवायचा नाही. सासूनं शिकवलं, "वासावर मीठ ओळख." पन्नास वर्षं ओळखलं. नेहरू नगरचे सोयरे त्या चवीसाठी येतात. आता कशावर ओळखू?

रेणूले म्हटलं, यंदा तू कर, माझे गुडघे दुखतात. तर पोरगी घाबरली! "नाही आई, तुमच्याशिवाय नाही जमत." मस्का!

खरं सांगावं तर तुळसाबाई डोळ्यापुढं येते. मागच्या गल्लीतली. दोनदा भाजी खारट झाली, तर सुनेनं गॅलरीत खुर्ची टाकून दिली. दिवसभर जाणाऱ्या गाड्या पाहते. चुलीजवळून उठलेल्या बाईले कोणी परत बसवत नाही.

२७ ऑगस्ट

चोरून हिंग हुंगला. लाल तिखट हुंगलं. शिंका दहा आल्या, वास एकही नाही. मग रडली. हे म्हणतात, "हे पण लिहू?" — लिहा ना! शिंका लिहिल्या, रडणं कावून सोडता?

३० ऑगस्ट



दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅस तसाच चालू. मी तिथंच बसून कोथिंबिरीची, आमच्या हिरव्या सांबाराची, जुडी निवडून राहिली होती. समोरची शकुबाई धावत आली — "अवो, मरता का सगळे!" नॉब तिनंच बंद केला. खिडक्या तिनंच उघडल्या.

अन् रेणू? ओट्याले टेकून कणीक मळत होती. तिले वास आला नसेल? आलाच असेल. चूप राहिली. म्हातारीची परीक्षा! पण आत स्वतःचं पोर, पीयूष, झोपलं असताना अशी परीक्षा कोण घेते? काही समजत नाही.

एक समजलं. चुलीपेक्षा पोर मोठं. उद्या सांगते तिले. खुर्ची तर खुर्ची.

३१ ऑगस्ट

सांगितलं.

रेणू पिठाच्या हातानं खालीच बसली. मग म्हणे, "आई, माझा तर वास कोरोनापासूनच गेला आहे. रोजचं चाखून भागवते. नैवेद्याले तुमचं नाक होतं."

१ सप्टेंबर

पाव्हणे यायले लागले. कढी उकळून राहिली. आम्ही दोघी पातेल्यावर वाकून उभ्या, दोघी कोऱ्या.

अवो, पेन ठेवा. पाय धुवा, सोवळं नेसा, आत चुलीजवळ या. जन्मात आले नाही, आज या. वाका. मीठ आहे का, सांगा.